चार घरांची बुधी

शनिवार, सात फेब्रुवारी. घोडबंदर रोडमागचा वारली पाडा. दुपारी तीन ते दिवेलागण.

हजर: मी. माझी विद्यार्थिनी निकिता, समाजकार्याच्या पहिल्या वर्षाची, राहणार डोंबिवली. सोमीआजी, पाड्यातलं सगळ्यात जुनं माणूस. तिची सून सुनीता, कामातून जमेल तशी.

गैरहजर: बुधी.

हजेरी आधी, बाकीचं नंतर, ही माझी जुनी सवय. घरी यावरून चेष्टा होते. नवरा म्हणतो, सत्यनारायणाला बसलो तरी ही आधी कोण कोण आलंय ते लिहील. लिहिते. लिहिलेलं राहतं म्हणून लिहिते. ते किती राहतं, हे मात्र मला गेल्या डिसेंबरात कळलं.

रिक्षावाल्याने आम्हाला एका उंच इमारतीच्या फाटकाशी उतरवलं. पुढे रस्ता नाही म्हणाला. पुढे रस्ता होता, पण तो ओळखावा लागतो. इमारतीची कुंपणभिंत आणि नाला यांच्यामधून एक माणूस जाईल एवढी वाट उरली आहे. नाला म्हणजे आमच्या वेळचा ओढा. भिंतीपलीकडे पोहण्याचा तलाव असावा. मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता आणि क्लोरीनचा वास वाटभर सोबत होता. निकिताने नाकाला ओढणी लावली ती नाल्यासाठी. मला तो दुसराच वास जास्त लागला, कारण त्याच्या खाली मी काहीतरी शोधत होते.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी मी याच वाटेने मंगळवार-शुक्रवार यायचे. कॉलेजचं क्षेत्रकार्य. बस चिंचेखाली थांबायची. तिथून चालत दहा मिनिटं. आधी धूर दिसायचा, मग कुत्री यायची, मग पोरं, आणि सगळ्यात शेवटी घरं. कारवीच्या कुडाला शेण लिंपलेल्या भिंती, उन्हात तापल्या की त्यांना भाजलेल्या मातीसारखा वास यायचा आणि पावसात गोठ्यासारखा. दोन्ही वास माझ्या कपड्यांना लागायचे. कळव्याला घरी गेल्यावर आई दारातच म्हणायची, आधी न्हाणीत जा.

भाद्रपदात पाड्याच्या बायका डोक्यावर काकड्यांच्या पाट्या घेऊन ठाण्याच्या बाजाराला जायच्या, मी चढत असायचे तेव्हा त्या उतरत असायच्या. अरुंद बांधावर कोणी कोणाला वाट द्यायची यावरून रोज हसणं व्हायचं. मीच घसरायचे. पोरं ओढ्यातल्या दगडांखाली हात घालून खेकडे काढायची आणि मला घाबरवायला ते माझ्या डायरीवर सोडायची. एका पानावर अजून चिखलाची नांगी उमटलेली आहे. भात झोडपून झालं की खळ्यावर तूस उडायचं, घशात बसायचं. थंडीत दारादारांत वाल सोलले जायचे. मार्चमध्ये मोहाची फुलं पडायची, त्यांचा गोड, जरासा आंबूस वास दुपारी पाड्यावर साचून राहायचा. दिवाळीच्या आसपास कोणीतरी तारपा दुरुस्त करत बसलेलं असायचं. एखादा सूर काढून बघायचा, मेण लावायचं, पुन्हा सूर. नाच मी कधी पाहिला नाही. चारची बस चुकवायची नाही असा कॉलेजचा नियम होता, आणि नियम पाळण्यात माझा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. त्यामुळे माझ्या आठवणीतल्या पाड्यावर कधी संध्याकाळ होत नाही. तिथे कायम पावणेचार वाजलेले असतात आणि मी पिशवी आवरत असते.

बुधी तेव्हा पाच वर्षांची. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. आई वारलेली. बाप लहानू, वसईच्या खाडीत रेतीच्या होडीवर, दोन-दोन महिने घरी येत नसे. त्याच्या झोपडीच्या कडीला सुतळी बांधलेली असायची. बुधी मात्र पाड्यात सगळीकडे असायची. कधी भगताच्या ओट्यावर, कधी म्हाताऱ्या जेठ्याच्या मांडीत, कधी लाडकीच्या मागे पाण्याला, कधी सोमीच्या कोंबड्यांमध्ये. केस पिंगट, फ्रॉकला गुंड्या नाहीत, गळ्यात काळा दोरा. माझ्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी एक प्रश्न होता: मूल कायम कोणाकडे राहते? प्रश्नापुढे एक रेघ. एका नावापुरती.

मी नीट काम केलं. चार घरं ओळीने घेतली. प्रत्येक घरी एकच प्रश्न, त्याच शब्दांत, म्हणजे उत्तरांची तुलना करता यावी. भगत म्हणाला, आमची. जेठ्या म्हणाला, आमची. लाडकी म्हणाली, आमची ना, आणखी कोनाची. सोमी म्हणाली, आमची. मी चारही नोंदी तारखेसह उतरवल्या आणि खाली लिहिलं: माहिती परस्परविरोधी आहे. मुलाची निश्चित जबाबदारी कोणीही घेत नाही. भगत तिच्यावर दाणे पाहून इलाज करतो, सबब वैद्यकीय दुर्लक्ष. शिफारस: संस्थेत दाखल करावे.

आमच्या मार्गदर्शक बाईंनी हिरव्या शाईत शेरा दिला: निष्कर्ष स्पष्ट. छान.

तो शेरा मी आईला दाखवला होता.

शिफारस मान्य झाली आणि होळीच्या आधी बुधीला कल्याणकडच्या एका बालगृहात पोचवलं गेलं. गाडीत मी शेजारी होते. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. त्या प्रवासाचीही नोंद माझ्याकडे आहे: मूल शांत होते. तिथे सांजेला हाक येते का, असे दोन-तीनदा विचारले. प्रश्न असंबद्ध वाटला.

मग परीक्षा झाली, नोकऱ्या झाल्या, संस्था झाल्या, लग्न, मुलं. गेली चौदा वर्षं मी स्वतःच कॉलेजात शिकवते आणि शेरे देते. निळ्या शाईत.

डिसेंबरात कल्याणला अंगणवाडी मदतनिसांचं प्रशिक्षण होतं. माझा तास दुपारचा, मुलाचं कुटुंब कसं समजून घ्यावं यावर. मी प्रत्येकीला कागद देते. मधोमध स्वतःचं वर्तुळ काढा, भोवती आपली माणसं काढा, डावीकडे सासरची, उजवीकडे माहेरची. जेवणानंतरचा तास असल्याने हा खेळ बरा चालतो. बायका एकमेकींच्या कागदात डोकावतात, सासूला मुद्दाम लांब काढतात, हसतात. तिसऱ्या ओळीतल्या एकीने नवरा, मुलगी, सासू, दोन नणंदा असं सगळं नीट काढलं होतं. उजवी बाजू कोरी. हजेरीपत्रकात तिचं नाव विद्या, राहणार टिटवाळा. मी म्हटलं, अहो, माहेर राहिलं. ती हसून म्हणाली, “राहिलं नाही मॅडम, नाहीच आहे. मी पाड्यावरची. चार घरांत फिरवून बघितलं मला, कोणीच ठेवून घेईना. मग संस्थेत दिली.”

मी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं.

“फाइलीत होतं. दहावीला दाखला काढायला ऑफिसात बसले होते, तेव्हा वाचली. ज्यांनी कोणी लिहिलं त्यांचं अक्षर काय सुंदर होतं, मॅडम. मी तसं अक्षर गिरवायचे पुढे.”

तिने पाड्याचं नाव सांगितलं. तिचं आधीचं नाव मला विचारावं लागलं नाही. तिच्या कागदावरच्या नावांचं अक्षर माझं होतं. तोच वेलांटीचा फराटा, तोच टांग मोडलेला र.

मी पुढच्या बाईकडे गेले. तास वेळेत संपवला.

घरी आल्यावर माळ्यावरून क्षेत्रकार्याची जुनी जर्नल काढली. पान एकसष्ट. चार घरांची चार उत्तरं तिथेच होती; फाइलीसाठी मी फक्त चार घरी विचारल्याचं आणि निष्कर्ष उतरवून दिला होता. मग रोजच्या डायरीत लिहिलं: बुधीला सांगणे. माझ्या डायरीचा नियम असा की आठवड्यात न झालेलं काम पुढच्या पानावर न्यायचं नाही, त्याच आठवड्यात संपवायचं किंवा खोडायचं. हे काम मी आठ वेळा पुढे नेलं. तिचा नंबर हजेरीपत्रकात आहे. टिटवाळ्याला इथून काही दिवसभर लागत नाही. कारणं मी दर आठवड्याला नवी लिहिली आणि सगळी मुद्देसूद होती. शेवटचं कारण असं: आधी पाड्यावर जाऊन चारपैकी कोण उरलंय ते बघावं, माहिती पूर्ण करावी, मग जावं. म्हणून आजची फेरी. निकिताला क्षेत्रकार्यासाठी पाडा दाखवायचा, हे निमित्त.

पाडा तेवढाच आहे, आकसून बसल्यासारखा. भिंती आता विटांच्या, वर पत्रे. खळं नाही. चिंच नाही. मोहाचं एक झाड आहे, त्याच्या बुंध्याला इमारतीच्या भिंतीने कोपरा मारलाय. सोमीआजी दारात वाल सोलत होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, बोटं मात्र तशीच चपळ. मी नाव सांगायच्या आत तिने मान वळवली.

“डायरीवाली बाय ना तू? पाय आपटत चालनारी.”

सुनीता हसली आणि चहा ठेवायला आत गेली. मी भगताचं विचारलं. गेला. जेठ्या? गेला. लाडकी? दोन पावसाळे झाले. मी डायरीत तीन नावांपुढे तशी खूण केली आणि मग विचारलं, आजी, बुधी आठवते का.

आजीची बोटं थांबली. “कोनची बुधी? चार घरची?”

“चार घरची म्हणजे काय, आजी?” निकिताने विचारलं. बरं झालं तिने विचारलं. मी हे बत्तीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं, पण माझ्या फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता.

आजीने सांगितलं ते असं. बुधीची आई गेली तेव्हा पोरीला ताप भरला, अन्न तुटलं, आणि ती एकट्या सोमीला चिकटून बसली. सोमी पाण्याला गेली तरी किंचाळायची. भगताने सुपात तांदळाचे दाणे टाकून पाहिलं आणि म्हणाला, पोरीच्या आत भेव बसलंय. एका चुलीला आई समजली, आणि उद्या ती चूल विझली, तर पोर दुसऱ्यांदा नाही उठायची. हिला चार चुली द्या. मग चार घरांनी तिला वाटून घेतलं. जिथे भूक लागेल तिथे जेवायचं, जिथे झोप येईल तिथे झोपायचं, कोणी उठवून न्यायचं नाही. दिवा लावायच्या वेळेला जेठ्या, तो सगळ्यात वरच्या घरातला म्हणून, ओट्यावर उभा राहून हाक मारायचा: बुधी कोनाची? आणि त्या रात्री पोर ज्या घरात असेल तिथून ओ यायची: आमची. की चारही घरांना कळायचं, आज पोर कुठे आहे, आणि दारं लोटली जायची. महिन्याभरात ताप गेला. पोर खेकडे पकडायला लागली.

“तू इचारलंस दुपारची,” आजी म्हणाली. “आमी म्हनलं, हाकंचंच इचारते. तुला म्हाईत असंल.”

निकिता माझ्याकडे बघत होती. तिला जर्नलचं माहीत नव्हतं. मी पिशवीतून ती काढली आणि पान एकसष्ट तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, उलटून मागचं पान वाचलं, हिरवा शेरा वाचला. मग हळूच म्हणाली, “मॅम, चौघंही सेम बोलले होते.” हो, म्हटलं. चौघंही सेम.

चहा आला. त्याला सरपणाच्या धुराचा वास होता. गॅस संपला म्हणून चूल पेटवली, असं सुनीता जरा ओशाळून म्हणाली. मी तो चहा फार सावकाश प्यायले.

पावणेचार वाजले. माझ्या पायांना सवयीने उठायचं होतं. मी बसून राहिले.

आजीने पुढचं आपणहून सांगितलं. लहानू होळीला परत आला. बालगृहाकडे तीन खेपा घातल्या, तिथे त्याच्याकडे बाप असल्याचा कागद मागितला, तो त्याच्याकडे नव्हता. तो फार जगला नाही. आणि जेठ्याने हाक बंद केली नाही. भगतानेच सांगितलं होतं, हाक तोडू नका, पोर वाट इसरंल. जेठ्या हाक मारायचा, चार घरांतून कोणी ओ द्यायचं नाही, मग तो आत जायचा. असं किती दिवस, मी विचारलं. मला दिवस मोजायचे होते, ती माझी खोड.

“तो मेला तवर,” आजी म्हणाली.

निकिताने फोन काढला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तिच्या वयात मीही काढला असता. आजी, ती हाक एकदा म्हणता का, रेकॉर्ड करून त्यांना पाठवू. आजीला आधी कळेना. सुनीताने समजावल्यावर ती खो खो हसली.

“हाक काय डब्यात भरून नेतात, बाय? ओ देनारं मानूस समोर पायजे. आनशील तिला, तवा मारीन.”

मग हसू ओसरल्यावर तिने विचारलं, कशी आहे ती. मी माहिती दिली, मला देता येते तशी: अंगणवाडीत कामाला आहे, नवरा रिक्षा चालवतो, मुलगी बारावीला आहे, टिटवाळ्याला घर आहे, तब्येत चांगली वाटली. आजीने प्रत्येक गोष्टीला हुंकार दिला. शिकली ना, मंग बरं झालं, असंही म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. मला त्याचा आधार घ्यावासा वाटला. घेतला नाही.

“टिटवाळं लांब नाय,” ती म्हणाली.

“नाही.”

“मंग येत का नाय ती?”

वाल सोलायचे संपले होते. रिकाम्या सालींच्या ढिगातून ती उगाच बोटं फिरवत होती.

“तिला वाटतं, तुम्ही तिला नको म्हणालात,” मी म्हटलं. “मी तसं लिहिलं होतं. ते तिने वाचलं.”

आत सुनीताने भांडं घासायचं थांबवलं होतं.

“तू इचारलंस कोनाची. आमी सांगितलं, आमची. यात आमचं काय चुकलं?”

“तुमचं काही नाही चुकलं, आजी.”

“मंग तिला तेच सांग. दुसऱ्या कोनाचं कशाला, तूच नेलीस, तूच सांग.”

“सांगते.”

“कदी?”

विद्यार्थ्यांना मी तारखेशिवाय सोडत नाही. वार सांगा, वेळ सांगा, लवकरच म्हणू नका, असं मी वर्गात इतक्यांदा म्हणते की मुलं माझी नक्कल करतात. आजीच्या त्या एका शब्दापुढे मला वार आठवेना.

ऊन भिंतीवर चढलं आणि भिंतीवरून इमारतीच्या वरच्या मजल्यांवर गेलं. पाड्यावर सावली आधी उतरली. सुनीताने दिवा लावला, म्हणजे बटण दाबलं आणि मग देवापुढे पणती. तलावातली मुलं घरी गेली असावीत, पाणी शांत झालं. कुठेतरी शिटी झाली, वॉचमनची. मोहाच्या झाडात कावळे जागेवरून भांडत होते. आजी उंबऱ्यावर सरळ होऊन बसली आणि तिने तोंड वरच्या बाजूला केलं. जेठ्याचं घर होतं तिथे आता मोबाइलचा मनोरा आहे. हाक यायची ती ही वेळ. बत्तीस वर्षं उशिरा मी पाड्याची संध्याकाळ पाहिली. हाक आली नाही. आजीने तरीही जरा वेळ वाट पाहिली आणि मग दार लोटण्यासाठी माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

परतताना बसला माजिवड्यापर्यंत गर्दीच होती. निकिता खिडकीकडे तोंड करून बसली होती. उतरताना म्हणाली, मॅम, माझ्या फॉर्ममध्येपण एकच रेघ आहे. मी म्हटलं, रेघ खोड आणि जागा सोड, सही मी करते.

कळव्याला घरी आले, हातपाय धुतले. साडीला धुराचा वास होता, ती धुवायला टाकली नाही.

आजची कामं. निकिताच्या फाइलवर सही: झाली. पाड्याची माहिती: पूर्ण. सोमीआजीच्या डोळ्यांसाठी शिबिराची चौकशी: सोमवारी अकरा वाजता. खाली, नवव्यांदा, बुधीची ओळ:

उद्या, रविवार, सकाळी दहा. टिटवाळा. फोनवर नाही, समोर बसून. सोबत जर्नल, पान एकसष्ट. आधी सांगायचं, ते अक्षर माझं आहे. मग सांगायचं, चारही घरं म्हणाली होती, आमची. मग विचारायचं, दिवेलागणीला पाड्यावर येशील का, सोमीआजी हाक मारणार आहे, तुला ओ द्यायची आहे.

या ओळीपुढचा खुणेचा चौकोन अजून रिकामा आहे.